पथ्य ताटात, साखर पेल्यात

छत्रपती संभाजीनगर - रक्तातील साखर वाढल्याचे निदान झाले, की घरातील पुढचे निर्णय ठरलेले असतात. पेढे-बर्फी बंद होते, श्रीखंडाची वाटी मागे सरकते, भात कमी होतो आणि पुरणपोळी सणापुरती अर्ध्यावर येते. मात्र सकाळ-संध्याकाळचा चहा, कार्यालयातील ‘कटिंग’, उन्हातून आल्यावर रसवंतीवर घेतलेला एक ग्लास आणि पाहुणे म्हणून गेल्यावर समोर आलेले सरबत यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. पेय हे आपल्याकडे खाण्यात धरलेच जात नाही. आहारातील साखर कमी करू पाहणाऱ्या अनेकांचे पथ्य नेमके येथेच मोडते.

हा प्रश्न केवळ रुग्णाच्या निग्रहाचा नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत पेयांच्या बाटलीवरील शब्दांविषयी अनेक सरकारी आदेश निघाले, शाळांसाठी सूचना आल्या आणि शीतपेयांवरील कराचे दरही बदलले. या सर्व घडामोडींतून ग्राहकाला पेय निवडताना मदत होते का, असा प्रश्न विचारला, तर उत्तर संमिश्र येते. बाटलीवरील काही फसवे शब्द हटले, परंतु कमी साखरेचे पेय अधिक स्वस्त वा अधिक सुलभ झाले, असे म्हणता येत नाही.

मर्यादा किती, हिशेब किती

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज त्यात मांडण्यात आला. शहरी भागातील मधुमेहाचे प्रमाण ग्रामीण भागापेक्षा अधिक आढळले. शेजारचे गोवा राज्य २६.४ टक्क्यांसह यादीत सर्वांत वर होते. उंबरठ्यावरील या लोकांपैकी बहुतेकांना औषधे सुरू झालेली नसतात. आहार आणि व्यायाम हाच त्यांचा उपचार असतो. त्यामुळे साखरेचा हिशेब ठेवण्याची खरी गरज या वर्गाला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये घालून दिलेली मर्यादा अशी : रोजच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी उष्मांक साखरेतून मिळावेत आणि शक्य झाल्यास हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आणावे. दोन हजार उष्मांकांचा आहार घेणाऱ्या प्रौढासाठी ही मर्यादा अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. या मोजणीत वरून घातलेली साखर, गूळ, मध, पाक आणि फळांचा काढलेला रस या सर्वांतील साखर धरली जाते. अख्ख्या फळातील आणि साध्या दुधातील नैसर्गिक साखर मात्र त्यात धरली जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत प्रौढांनी दिवसाला ३० ग्रॅमच्या आत राहावे, असा सल्ला आहे.

आता शहरातील एखाद्या नोकरदाराचा उन्हाळ्यातील दिवस डोळ्यांसमोर आणावा. चहाच्या चमचाभर साखरेचे वजन चार ते पाच ग्रॅम भरते. दिवसाला चार कप आणि प्रत्येक कपात दीड चमचा साखर धरली, तर २५ ते ३० ग्रॅम साखर चहातूनच जाते. म्हणजे दिवसाची मर्यादा केवळ चहात संपली. दुपारी जालना रस्त्यावर उसाच्या रसाचा अडीचशे मिलिलिटरचा ग्लास घेतला, तर आणखी ३२ ते ३७ ग्रॅमची भर पडते. सायंकाळी आंब्याच्या तयार पेयाचा दोनशे मिलिलिटरचा डबा फोडला, की २५ ग्रॅमच्या आसपास साखर वाढते. रात्रीच्या जेवणापर्यंत हा आकडा ८० ते ९० ग्रॅमवर पोहोचलेला असतो आणि या माणसाने दिवसभरात मिठाईचा एक तुकडाही खाल्लेला नसतो.

रसवंती, मोसंबी आणि गुळाचा चहा

मराठवाड्यात उन्हाळा आणि रसवंती यांचे नाते जुने आहे. पारा चाळिशीच्या पुढे गेला, की बीड बायपास, पैठण रस्ता आणि जालना रस्त्याच्या कडेला घुंगरांचा आवाज करणारे चरक सुरू होतात. अनेक कुटुंबांचा चार महिन्यांचा चरितार्थ त्यावर चालतो आणि निरोगी, कष्टाचे काम करणाऱ्या माणसाने अधूनमधून एक ग्लास घेतला, तर त्यात वावगे काही नाही. मात्र उसाचा रस ‘नैसर्गिक’ आहे, म्हणून मधुमेहींना चालतो, हा समज चुकीचा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत उसाच्या रसाचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. त्यात शंभर मिलिलिटरला १३ ते १५ ग्रॅम साखर असते आणि म्हणून तो कमीत कमी प्यावा, असे ही संस्था सांगते. कोला प्रकारच्या शीतपेयात हे प्रमाण १० ते ११ ग्रॅम असते. म्हणजे साखरेपुरता विचार केला, तर ज्याला आपण अपायकारक म्हणून टाळतो त्या शीतपेयापेक्षा आरोग्यदायी म्हणून घेतलेला उसाचा रस वरचढ ठरतो.

मोसंबीचेही असेच आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पैठण आणि परिसरात मोसंबीच्या बागा आहेत आणि रुग्णाला भेटायला जाताना मोसंबीचा रस नेण्याची या भागातील पद्धत आहे. सालीखालील पापुद्र्यासह मोसंबी खाल्ली, तर त्यातील तंतूंमुळे साखर रक्तात हळूहळू उतरते आणि एक-दोन फळांत पोट भरल्यासारखे वाटते. रस काढताना मात्र चोथा वेगळा होतो. तीन-चार फळांतील साखर एका ग्लासात जमा होते आणि ती दोन मिनिटांत पोटात जाते. पेयातून मिळालेले उष्मांक पोट भरल्याची जाणीव फारशी देत नाहीत. त्यामुळे पुढच्या जेवणात माणूस तेवढे कमी खातो, असेही होत नाही. रसाच्या गाड्यावर वरून पिठीसाखर किंवा पाक पडला, तर हिशेब आणखी बिघडतो. मोसंबी खावी, तिचा रस मात्र रोज पिऊ नये, असा याचा सरळ अर्थ आहे.

गुळाच्या चहाची दुकाने अलीकडे शहराच्या जवळजवळ प्रत्येक चौकात दिसतात. ‘साखरेचा चहा बंद केला, आता गुळाचाच घेतो’, असे सांगणारे अनेक जण भेटतात. गुळात लोह आणि अन्य खनिजे थोडी अधिक असतात, हे खरे. परंतु त्याचा बहुतांश भाग साखरच असतो आणि रक्तातील साखरेवर त्याचा परिणाम फारसा वेगळा होत नाही. मधाचेही तेच. चवीसाठी गूळ निवडायला हरकत नाही. पथ्य म्हणून त्याची निवड करणे ही स्वतःची समजूत घालणे आहे.

टपरीवरील चहाची अडचण वेगळीच आहे. तेथे चहा, दूध आणि साखर एकाच पातेल्यात उकळलेली असतात. ‘साखर कमी’ असे सांगण्याची सोयच ग्राहकाला राहत नाही. कार्यालयांतील यंत्राच्या चहातही भुकटीत आधीच साखर मिसळलेली असते. म्हणजे साखर किती घ्यावी, हा निर्णय पिणाऱ्याच्या हातात नसून करणाऱ्याच्या हातात असतो. साखर वेगळी देण्याची पद्धत काही उपाहारगृहांत आहे. ती टपऱ्यांवर आणि कार्यालयांत आली, तर कोणताही नवा कायदा न करता मोठा फरक पडू शकतो.

बाटलीवरील शब्द

पेय बंद बाटलीत असेल, तर तेथे निदान लेबल वाचता येते. परंतु बाटलीच्या दर्शनी भागावरील मोठी अक्षरे आणि मागील बाजूची बारीक अक्षरे यांत बरेच अंतर असते. गेल्या काही वर्षांत अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने या मोठ्या अक्षरांना चाप लावण्याचा प्रयत्न केला आहे.

एप्रिल २०२४ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सूचना दिली, की दुधाची, धान्याची वा माल्टची पेये ‘हेल्थ ड्रिंक’ किंवा ‘एनर्जी ड्रिंक’ या सदराखाली विकू नयेत. ‘हेल्थ ड्रिंक’ या शब्दाची व्याख्याच देशाच्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही, हे त्यानिमित्ताने पुढे आले. तोवर आया हीच भुकटी आरोग्याच्या विश्वासाने मुलांच्या दुधात घालत होत्या. जून २०२४ मध्ये ‘शंभर टक्के फळांचा रस’ हा दावा लेबलावरून आणि जाहिरातींतून काढून टाकण्याचा आदेश निघाला. पाणी घालून पुन्हा पातळ केलेला आटवलेला रस ‘शंभर टक्के रस’ म्हणून विकला जात होता, हे त्यामागील कारण होते.

सर्वांत गंभीर प्रकार ‘ओआरएस’ या तीन अक्षरांचा होता. जुलाब झालेल्या मुलाला देण्याच्या जलसंजीवनीचे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले सूत्र आहे. त्यानुसार एक लिटर द्रावणात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते आणि मीठ व अन्य क्षारांचे प्रमाणही ठरलेले असते. फळांच्या चवीची काही तयार पेये मात्र नावात ही अक्षरे वापरून औषधांच्या दुकानांत विकली जात होती. काहींमधील साखर सूत्राच्या सात-आठपट होती. इतकी साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब थांबण्याऐवजी वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने आधी दिलेली परवानगी मागे घेतली आणि सूत्रानुसार नसलेल्या पेयाच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. मराठवाड्यातील उन्हाळा पाहता या आदेशाचे महत्त्व येथे अधिक आहे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, एवढे दुकानातच पाहून घेणे पुरेसे आहे.

उरलेल्या शब्दांचे अर्थही माहीत असावेत. २०१८ च्या नियमांनुसार द्रव पदार्थात शंभर मिलिलिटरला २.५ ग्रॅमपर्यंतच साखर असेल, तर ‘कमी साखर’ असे म्हणता येते. ‘साखरमुक्त’ म्हणण्यासाठी हे प्रमाण अर्ध्या ग्रॅमच्या पुढे जाता कामा नये. ‘वरून साखर घातलेली नाही’ या वाक्याचा अर्थ मात्र पेयात साखर नाही असा होत नाही. फळाची स्वतःची साखर त्यात असू शकते. ग्राहकाने मागील तक्त्यातील ‘एकूण साखर’ आणि ‘वरून घातलेली साखर’ या दोन ओळी पाहाव्यात आणि तो आकडा शंभर मिलिलिटरचा आहे की संपूर्ण बाटलीचा, हे तपासावे. आलेल्या ग्रॅमना चारने भागले, की चमचे मिळतात. बाटलीत आठ चमचे साखर आहे, हे वाक्य ३२ ग्रॅम या आकड्यापेक्षा लवकर समजते.

हा आकडा दर्शनी भागावर ठळकपणे छापावा, अशी मागणी जुनी आहे. प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त मेदाचे प्रमाण ठळक अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर्शनी इशाऱ्याबाबत तीन महिन्यांत शिफारशी देण्यास तज्ज्ञ समितीला सांगितले. पुढे त्याला मुदतवाढ मिळाली. चिली या देशात साखरेचे प्रमाण जास्त असलेल्या पदार्थांवर काळ्या अष्टकोनी खुणा २०१६ पासूनच आहेत.

साखरेऐवजी काय?

शून्य साखरेची शीतपेये आता दहा रुपयांच्या लहान बाटलीतही मिळू लागली आहेत. त्यांत अॅस्पार्टेम, सुक्रालोज, स्टीव्हियाचा अर्क असे कृत्रिम वा वनस्पतिजन्य गोडी देणारे पदार्थ असतात. रक्तातील साखर त्यांमुळे लगेच वाढत नाही, हा त्यांचा फायदा आहे. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मात्र वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या पदार्थांचा आधार घेऊ नये, अशी शिफारस केली. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे, त्यांना ही शिफारस लागू नव्हती, हे अनेक बातम्यांतून निसटले. त्याच वर्षी जुलैमध्ये कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने अॅस्पार्टेमला ‘कर्करोगाची शक्यता असलेल्या’ पदार्थांच्या गटात घातले. त्याच वेळी अन्नातील मिश्रकांच्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ही रोजची सुरक्षित मर्यादा कायम ठेवली. सत्तर किलो वजनाच्या व्यक्तीला ती ओलांडण्यासाठी दिवसाला नऊ ते चौदा कॅन प्यावे लागतील, असा हिशेब तेव्हा देण्यात आला होता.

यातून निघणारा व्यवहार्य अर्थ असा, की रोज गोड शीतपेय पिणाऱ्या मधुमेहीने ते सोडताना मधला टप्पा म्हणून शून्य साखरेचे पेय घेतले, तर साखर निश्चित कमी होते. परंतु जिभेची गोडाची सवय त्याने जात नाही. ती जायची असेल, तर चहातील साखर दर पंधरा दिवसांनी पाव-अर्धा चमचा कमी करण्याचा जुना उपाय अधिक टिकाऊ ठरतो.

निवड कशी करावी

आहारात साखर कमी ठेवणाऱ्यांसाठी पेयांचे साधारण तीन गट करता येतात. पहिल्या गटात रोज घेता येतील अशी पेये येतात : पाणी, साखर न घातलेले ताक किंवा मठ्ठा, मीठ-जिऱ्याचे लिंबूपाणी, धने-जिऱ्याचे पाणी, साखर न घातलेला कोकमाचा आगळ पाण्यात घालून आणि बिनसाखरेचा चहा वा कॉफी. ताकात दुधातील थोडी नैसर्गिक साखर असते, पण पाणी घातल्याने ती ग्लासाला तीन-चार ग्रॅमवर येते. रक्तदाब असणाऱ्यांनी ताकातील, लिंबूपाण्यातील आणि मसाला सोड्यातील मिठाकडे लक्ष द्यावे. चहा-कॉफी जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर टाळावी, असेही पोषण संस्था सुचवते, कारण त्यांतील टॅनिनमुळे लोहाचे शोषण कमी होते.

दुसऱ्या गटातील पेये मोजून घ्यावीत. एका शहाळ्याच्या पाण्यात साधारण आठ ते बारा ग्रॅम साखर असते. उसाच्या रसाच्या तुलनेत ती बरीच कमी आहे, पण शून्य नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असल्याने मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. साधे दूध, साखर न घातलेली सोलकढी आणि गूळ अगदी बेताने घातलेले कैरीचे पन्हे यांचा समावेश याच गटात होतो.

उसाचा रस, फळांचे रस, गोड लस्सी, फालुदा, मिल्कशेक, पाकाची सरबते, नीरा आणि बाटलीबंद गोड पेये हा तिसरा गट. रमजानच्या इफ्तारमध्ये, लग्नाच्या स्वागतात किंवा जत्रेत ही पेये वर्ज्य करणे अनेकांना जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. लहान पेला घ्यावा, तो रिकाम्या पोटी घेऊ नये आणि त्या दिवशी दुसरे गोड टाळावे, एवढे पथ्य पाळता येते. सरबताचा पाक निम्मा आणि पाणी दुप्पट, ही युक्ती घरात सहज चालते. मद्याबाबत मधुमेहींनी अधिक सावध राहायला हवे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर मद्यामुळे धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते आणि तोल जाणे, गोंधळणे ही त्याची लक्षणे नशेची समजून दुर्लक्षिली जातात.

एक अपवाद प्रत्येक मधुमेहीच्या घरात ठाऊक असला पाहिजे. घाम फुटणे, थरथर, अंधारी येणे अशी लक्षणे दिसून साखर अचानक उतरली, तर साखर हेच औषध असते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा अर्धा कप फळांचा रस त्वरित द्यावा आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शून्य साखरेचे पेय या वेळी काहीही उपयोगाचे नाही. रुग्ण बेशुद्ध असेल, तर मात्र तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

कर बुडबुड्यांवर, साखरेवर नव्हे

व्यक्तीने कितीही हिशेब ठेवला, तरी बाजारातील किंमत त्याला कोणत्या दिशेला ढकलते, हे पाहावे लागते. २०२३ मध्ये कॅम्पा हे जुने शीतपेय नव्या मालकीखाली बाजारात परतले आणि दोनशे मिलिलिटरची बाटली दहा रुपयांना मिळू लागली. इतर कंपन्यांनाही स्वस्त बाटल्यांवर भर द्यावा लागला. शहाळ्यासाठी आज पन्नास रुपयांच्या पुढे मोजावे लागतात. शाळेतून सुटलेल्या मुलाच्या खिशातील दहा रुपयांत शहाळे येत नाही, पाच चमचे साखरेची बाटली मात्र येते.

वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले. वायू भरलेल्या गोड शीतपेयांवर पूर्वी २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर होता, आता एकच ४० टक्क्यांचा दर आला. एकूण भार तेवढाच राहिला. याउलट फळांचा गर किंवा रस असलेल्या, वायू नसलेल्या पेयांवरील कर १२ वरून पाच टक्क्यांवर आणण्यात आला. शेतमालाला बाजार मिळावा, हा त्यामागील युक्तिवाद आहे आणि केसर आंबा व मोसंबी पिकवणाऱ्या मराठवाड्यात तो सहज डावलता येणार नाही. मात्र अशा फळपेयात फळाचा अंश दहा टक्के असला, तरी नियमाने पुरेसे ठरते. उरलेला भाग मुख्यतः पाणी आणि साखर यांचा असतो. आंब्याच्या तयार पेयांत शंभर मिलिलिटरला १२ ते १५ ग्रॅम साखर आढळते. म्हणजे कोलापेक्षा अधिक साखरेच्या पेयावर पाच टक्के कर आणि साखरेचा कणही नसलेल्या कोलावर ४० टक्के, अशी स्थिती आहे. कर ठरवताना पेयातील वायू पाहिला गेला, साखर पाहिली गेली नाही.

ब्रिटनने याच्या उलट मार्ग धरला. तेथे एप्रिल २०१८ पासून शीतपेयांवरील आकार साखरेच्या प्रमाणावर ठरतो. शंभर मिलिलिटरला पाच ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल, तर आकार नाही, आठ ग्रॅम वा अधिक असेल, तर तो सर्वाधिक. घोषणा झाल्यावर दोन वर्षांचा अवधी मिळाला आणि अनेक कंपन्यांनी कर टाळण्यासाठी पेयांतील साखरच कमी केली. ग्राहकाने लेबल वाचले नाही, तरी त्याच्या पोटात जाणारी साखर घटली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटन सरकारने ही मर्यादा ४.५ ग्रॅमवर आणण्याचा आणि २०२८ पासून बाटलीबंद दुधाची पेयेही तीत घेण्याचा निर्णय जाहीर केला. साखर कारखानदारीवर राजकारण उभे असलेल्या महाराष्ट्रात असा विचार मांडणे सोपे नाही. परंतु साखरेवर सरसकट नव्हे, तर पेयातील अतिरिक्त साखरेवर टप्प्याटप्प्याने आकार लावता येतो, हे तेथे सिद्ध झाले आहे.

मुलांबाबत थोडी हालचाल झाली आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावण्यास सांगितले. मुलांच्या नेहमीच्या खाण्या-पिण्यात किती साखर असते, हे या फलकावर लिहायचे आहे. शाळांच्या ५०० मीटर परिसरात जास्त कॅफिन असलेल्या एनर्जी ड्रिंकची विक्री रोखण्याची घोषणा जुलै २०२४ मध्ये तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत केली होती. फलक आणि बंदी यांचा उपयोग तेव्हाच होईल, जेव्हा शाळेच्या उपाहारगृहात पर्याय म्हणून ताक आणि आवारात थंड, स्वच्छ पाणी असेल.

शेवटी प्रश्न पाण्याचा

आहारतज्ज्ञांच्या प्रत्येक यादीत पहिले नाव पाण्याचे असते. या शहरात तो सल्ला अमलात आणणे वाटते तितके सोपे नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर-ए-अंबरीतून ज्या शहराला पाणी दिले, त्या शहरातील अनेक वसाहतींनी गेल्या काही वर्षांत आठवडा उलटल्यावर नळाला पाणी आलेले पाहिले. जायकवाडीहून पाणी आणणाऱ्या १,६८० कोटी रुपयांच्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले आणि तिचा खर्च पुढे २,७४० कोटींवर गेला. दरम्यान जारचे पाणी ही घराघरांतील गरज बनली. बसस्थानक, बाजारपेठ, रुग्णालयाचा परिसर अशा ठिकाणी विश्वासाने पिता येईल असे थंड पाणी सहज मिळत नसेल, तर तहानलेला माणूस दहा रुपयांच्या गोड बाटलीकडे वळणारच. उन्हाळ्यात गुलमंडी, शहागंज, पैठण गेट परिसरात पाणपोया लावण्याची जुनी रीत आहे. तिला महापालिकेने वर्षभराच्या, नियमित तपासणी होणाऱ्या पाणीकेंद्रांची जोड दिली, तर मधुमेह रोखण्याच्या दृष्टीनेही ते मोठे काम ठरेल.

रुग्णाने चहातील साखर कमी करावी, लेबल वाचावे, रसाऐवजी फळ खावे, हे सारे त्याच्या हातात आहे आणि त्याने ते केलेच पाहिजे. परंतु पातेल्यात आधीच पडलेली साखर, बाटलीच्या मागे दडलेला आकडा, साखरेऐवजी वायूवर लावलेला कर आणि कोरडा नळ त्याच्या हातात नाहीत. जी जबाबदारी टपरीपासून महापालिकेपर्यंत आणि अन्न प्राधिकरणापासून वस्तू व सेवा कर परिषदेपर्यंत विभागलेली आहे, तिचा सर्व भार ‘साखर बंद’ या दोन शब्दांनी एकट्या रुग्णावर टाकला जातो. २०२४ आणि २०२५ मधील आदेशांनी बाटलीवरील शब्द थोडे खरे झाले. आता किंमत आणि उपलब्धता यांचा क्रम आहे.